नाचणीचे पेव आणि मधुमेहाचे पूर्वरूप

बेंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की पंचवीस-सव्वीस किलोमीटरांवर होसकोटे हे गाव लागते. कन्नड भाषेत या नावाचा अर्थ ‘नवा कोट’ असा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मे गौडाने हा कोट उभारला आणि त्याच्या शेजारी एक विस्तीर्ण तलाव होता. पुढे १६३८ साली विजापूरच्या सैन्याने हा मुलूख जिंकला आणि बेंगळुरू, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १७६१ मध्ये होसकोटे हैदरअलीच्या हाती गेले. १७६८ च्या ऑगस्टात मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरने रात्रीचा छापा घातला आणि तो परतवला गेला, तोही याच गावाजवळ. मराठी वाचकाला होसकोट्याची ओळख असते ती बहुधा एवढीच. परंतु त्याच भूमीला आणखी एक इतिहास आहे. तो कोणत्याही बखरीत नोंदलेला नाही; मात्र आज तेथील माणसांच्या रक्ततपासणीच्या कागदावर तो उमटू लागला आहे. तो इतिहास धान्याचा, श्रमाचा आणि मानवी देहाचा आहे.

या प्रदेशाचे मुख्य धान्य म्हणजे नाचणी. कन्नडात तिला रागी म्हणतात. आफ्रिकेच्या पूर्वेकडील उंच पठारांवरचे हे धान्य फार प्राचीन काळी भारतात आले आणि दक्षिणेच्या कोरडवाहू जमिनीत असे रुजले, की ते मूळचे परके आहे याची आठवणही कोणाला उरली नाही. होसकोटे-कोलारच्या तांबड्या मातीला बारमाही नदीचा आधार नाही. तलावाखालच्या थोड्याशा ओलितात भात व्हावा आणि बाकी सारे रान पावसाच्या भरवशावर रागीने भरावे, अशी येथील जुनी रीत होती. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर १८०० साली फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टराने कंपनी सरकारच्या आज्ञेवरून म्हैसूर मुलखाची पाहणी केली. कोरडवाहू पिकांत रागीचे महत्त्व सर्वांत मोठे आहे आणि सामान्य रयतेचे रोजचे अन्न तेच आहे, हे त्याने स्पष्टपणे नमूद केले. रागीचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून त्याचा गोळा करावयाचा, त्याला ‘मुद्दे’ म्हणतात. सोबत पालेभाजीचे, डाळीचे अथवा पावट्याचे पातळ सारू. सकाळी हे खाऊन माणूस नांगरामागे जाई, आणि सूर्य मावळेपर्यंत त्या अन्नाचा कण न् कण त्याच्या हातापायांच्या कामी येई.

रागीचा आणखी एक मोठा गुण होता. तिला कीड सहसा लागत नाही, म्हणून ती जमिनीतल्या पेवात अनेक वर्षे साठवून ठेवता येई. सुगीच्या वर्षी पेव भरावे, अवर्षणाच्या वर्षी ते उघडावे, असा या मुलखाचा जीवनक्रम होता. पेव किती मोलाचे होते, हे १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाने दाखवून दिले. पाठोपाठ पावसाने दगा दिला आणि पेवे रिकामी झाली. १८७१ च्या शिरगणतीत म्हैसूर संस्थानाची लोकसंख्या सुमारे ५० लाख ५५ हजार होती. १८८१ मध्ये ती सुमारे ४१ लाख ८६ हजारांवर आली. ज्या समाजाने अशी वर्षे पिढ्यान् पिढ्या सोसली, त्याने घरात आणि देहात काटकसर बाणवली असल्यास नवल नव्हे. मनुष्यदेहही एक प्रकारचे पेवच आहे. मिळेल तेव्हा साठवावे आणि नसेल तेव्हा पुरवून वापरावे, हाच त्याचा धर्म. मधुमेहाचे मूळ शोधताना पेवाचा हा धर्म ध्यानात ठेवावा लागतो.

मधुमेह हा रोग भारताला नवा नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मजात आणि दुसरा अपथ्यातून उद्भवणारा. पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा स्थूल, बहुभोजी आणि आसनशय्येची आवड असलेला, असे त्याचे वर्णन आहे. उपचार सांगताना त्याने रोग्याच्या सांपत्तिक स्थितीचाही विचार केला. निर्धन रोग्याने पादत्राण व छत्री न घेता, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने चालावे. धनवंताने सावे, नीवार अशा रानधान्यांवर राहावे. कोणी गाईंच्या मागे फिरावे, कोणी जमीन नांगरावी वा विहीर खणावी. या साऱ्या उपायांत एक विलक्षण गोष्ट आहे. होसकोट्याचा शेतकरी जे जीवन नाइलाजाने जगत होता, तेच वैद्यराजांनी सुखवस्तू रोग्याला औषध म्हणून लिहून दिले होते.

प्राचीन वैद्यकाची दुसरी देणगी म्हणजे ‘पूर्वरूप’ ही कल्पना. रोग प्रकट होण्यापूर्वी तो आपल्या आगमनाची वर्दी देतो, असे आपले वैद्य मानीत. हातापायांची आग, तोंडाला गोडी येणे, आळस व झोप, केसांची जटा होणे, देहाला व मूत्राला मुंग्या लागणे, ही प्रमेहाची पूर्वरूपे त्यांनी नोंदवली. आज डॉक्टर ज्या अवस्थेला प्रीडायबेटिस म्हणतात, ती मधुमेहपूर्व अवस्था आणि हे पूर्वरूप तंतोतंत एक नव्हेत. आजची ही अवस्था बहुधा अगदी मुकी असते. ती ना आग करते, ना मुंग्यांना बोलावते. तिचा सुगावा रक्ताच्या तपासणीवाचून लागत नाही. तरीही रोगाच्या अलीकडे एक टप्पा असतो आणि तेथे माणसाला सावध करता येते, ही दृष्टी मात्र तीच आहे.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी बेंगळुरूहून तंजावरास गेले आणि तेथे मराठी राज्य स्थापन झाले. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांनी आपल्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, धन्वंतरी महाल ही वैद्यकशाळा चालवली. तेथे अनुभवास आलेले उपचार लिहून ठेवण्यात आले, आणि पुढे विसाव्या शतकात सरस्वती महाल ग्रंथालयाने ते प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांत मधुमेहावरील उपचारांचे एक स्वतंत्र पुस्तक निघाले. राजधानीच्या वैद्यांना या रोगाची दखल घ्यावी लागत होती, हे त्यावरून दिसते. परंतु त्या काळी हा रोग मुख्यतः बैठ्या वर्गाचा समजला जाई. १९०७ साली ब्रिटिश वैद्यकीय संघाच्या सभेत उष्ण कटिबंधातील मधुमेहावर चर्चा झाली. तीत कलकत्त्याच्या सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी, लेखणीवर जगणाऱ्या लोकांचा उल्लेख ठळकपणे झाला. म्हैसूरच्या मुलकी दप्तरात मोडी लिहिणारा मराठी कारकून कदाचित त्या वर्गात बसला असता. त्याला सारा भरणारा रागीकर शेतकरी खचित बसला नसता.

१९२२ च्या जानेवारीत टोरंटो येथे रोग्याला प्रथम इन्सुलिन टोचण्यात आले आणि मधुमेहाच्या इतिहासाचे नवे पर्व सुरू झाले. रोगी जगू लागले. तेव्हा रोगाच्या आधीच्या पायरीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले. १९७९ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, रक्तातील साखर निरोगी माणसाहून अधिक परंतु मधुमेह्याहून कमी असलेल्या लोकांचा एक वेगळा वर्ग मान्य केला. आज रुढ असलेल्या अमेरिकन मापाप्रमाणे उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तद्रवात १०० ते १२५ मिलिग्रॅम साखर आढळली, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी ती १४० ते १९९ निघाली, तर ही मधुमेहपूर्व अवस्था समजतात. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची सीमा ११० पासून मोजते. गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत ५.७ ते ६.४ टक्के हा आकडाही त्याच अवस्थेचा निदर्शक मानतात.

देहात त्या वेळी नेमके काय घडत असते? जेवणानंतर रक्तातील साखर वाढते. स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते आणि त्याच्या आज्ञेने स्नायू व यकृत ती साखर आत घेऊन साठवतात. स्नायू हे त्यांतील सर्वांत मोठे कोठार. नांगर धरणाऱ्या माणसाचे हे कोठार रोज संध्याकाळी रिकामे होते. खुर्चीवर बसणाऱ्याचे ते भरलेलेच राहते आणि नवा माल आत घेईनासे होते. उरलेल्या अन्नाची चरबी होते. ती कातडीखाली साठली तर फारसे बिघडत नाही. ते देहाचे खरे पेव होय. परंतु प्रत्येकाच्या पेवाला मर्यादा असते. ते भरले, की चरबी पोटातील आतड्यांभोवती, यकृतात आणि स्वादुपिंडातही शिरते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचा हुकूम मानत नाही. गरज नसतानाही ते रात्रंदिवस साखर रक्तात सोडत राहते. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करून वेळ निभावून नेते. काही वर्षे हे चालते. त्या ओढाताणीत स्वादुपिंड थकू लागले, म्हणजे साखर हळूहळू चढते. ही चढण म्हणजेच मधुमेहपूर्व अवस्था, आणि स्वादुपिंडाने हार पत्करली म्हणजे मधुमेह.

भारतीयांचे हे पेव तुलनेने लहान असते, असे अनेक संशोधक मानतात, आणि त्यामागचे कारण शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालके यांचा अभ्यास आरंभला. त्या मातांचे गरोदरपणापूर्वीचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची मुले सरासरी २.७ किलो वजनाची जन्मत, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनची मुले ३.५ किलोची. परंतु लक्ष वेधणारी गोष्ट वेगळीच होती. पुण्याकडील मुलांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान असले, तरी पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त, असे हे देह होते. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली आपल्या दोघांची तुलनाच प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन एकसारखे, निर्देशांक २२.३, परंतु एकाच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर भारतीय डॉक्टराच्या देहात २१.२ टक्के.

होसकोट्यापासून फार दूर नसलेल्या म्हैसूर शहरातही असाच शोध चालला. तेथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयाने १९३४ पासून जन्मलेल्या मुलांच्या वजनमापांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्या मुलांना प्रौढपणी शोधून तपासण्यात आले आणि जन्मवेळची ठेवण व पुढचा मधुमेह यांचा संबंध दिसून आला. दप्तरातील एक जुनी नोंद किती मोलाची ठरू शकते, याचे हे उदाहरण. या सर्व अभ्यासांतून एक गोष्ट निष्पन्न होते. मधुमेहाकडे जाणारी वाट केवळ खादाडपणाने आखली जात नाही. काही अंशी ती मातेच्या कुशीत, तिच्या अपुऱ्या पोषणात आखली जाते. काही अंशी ती आनुवंशिक असते. टंचाईसाठी घडलेला देह अचानक सुकाळात येऊन पडतो, तेव्हा तो गोंधळतो.

होसकोट्यावर तो सुकाळ एका पिढीच्या अवधीत आला. १९६० च्या दशकानंतर लक्ष्मणय्या यांनी भारतीय व आफ्रिकी रागीचा संकर करून सिद्ध केलेल्या ‘इंडाफ’ वाणांनी उत्पन्न वाढवले. त्याच वेळी पॉलिश केलेला तांदूळ रोजच्या ताटात शिरला. २०१३ साली राज्य सरकारने गरीब कुटुंबांना रुपया किलो दराने तांदूळ देण्याची योजना सुरू केली. तिने उपासमार टाळली, हे मान्य केलेच पाहिजे. पूर्वी सणासुदीचा समजला जाणारा पांढरा भात त्यामुळे नित्याचा झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथे मालमोटारींचा मोठा कारखाना निघाला आणि मागोमाग इतर कारखाने व गोदामे उभी राहिली. जेथे रागी पेरली जाई, तेथे भूखंड पडले. नांगराची जागा ट्रॅक्टरने, पायवाटेची दुचाकीने घेतली. आता होसकोट्याची ख्याती पहाटेच्या दम बिर्याणीची आहे. उजाडण्यापूर्वी बेंगळुरूहून गाड्या येतात आणि लोक रांगा लावतात. एखाद्या पहाटेची बिर्याणी कोणाला रोगी करीत नाही. परंतु ज्या वेळी आजोबा बैल सोडून रानात निघत, त्या वेळी नातू गाडीतून उतरून रांगेत उभा राहतो आणि खाऊन पुन्हा खुर्चीकडे जातो, हा फरक देहाने जाणला आहे.

देशभरातील चित्रही याहून वेगळे नाही. १९७० च्या दशकात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत २.१ आणि खेड्यांत १.५ टक्के आढळले होते. त्याच परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी ११.४ टक्के लोक मधुमेही आणि १५.३ टक्के लोक मधुमेहपूर्व अवस्थेत असल्याचे दिसले. मोजण्याच्या रीती भिन्न असल्याने या आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही; तरी बदलाची दिशा त्यांवरून लपत नाही. दुसऱ्या गटातील सुमारे साडेतेरा कोटी माणसे अद्याप उंबऱ्याच्या अलीकडे आहेत, हे अधिक महत्त्वाचे.

कारण या टप्प्यावरून मागे फिरता येते. १९८६ मध्ये चीनमधील दाचिंग या शहरात सुरू झालेल्या प्रयोगाने, २००१ मध्ये फिनलंडने आणि २००२ मध्ये अमेरिकेने ते सिद्ध करून दाखवले. फिनलंड व अमेरिका येथे आहार व व्यायाम यांच्या बळावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; अमेरिकेत मेटफॉर्मिन या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले. भारतीय देहाला हे लागू पडेल काय, या प्रश्नाचे उत्तर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली दिले. त्यांच्या प्रयोगात ५३१ माणसे होती. तीन वर्षांत, केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार व चालणे यांचा नेम पाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष म्हणजे, या लोकांचे वजन म्हणण्यासारखे उतरले नव्हते. ‘आपण जाड नाही, मग आपल्याला काय भीती’ असे म्हणणाऱ्या बारीक माणसाने हा निष्कर्ष ध्यानी धरावा. त्याच प्रयोगात नेम पाळूनही कित्येकांना रोग झाला, हेही लपवून चालणार नाही. धोका कमी होतो. तो नाहीसा होतो असे नव्हे.

उपाय साधे आहेत. अवघड आहे ते त्यांतील सातत्य. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपाझप चालणे, शिवाय हातापायांच्या स्नायूंना जोर पडेल असे काम. कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतो. जेवणानंतरची शतपावली म्हणूनच निरर्थक नाही. स्थूल असलेल्याने वजनाचा पाच ते सात टक्के भार उतरवावा. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरांवर गेली, तर ती सूचना समजावी. तंबाखू सोडावी, झोप पुरेशी घ्यावी. आई-वडिलांना मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदरपणी साखर वाढलेल्या स्त्रियांनी रक्त वेळोवेळी तपासून घ्यावे. मुलींचे आणि गर्भवतींचे पोषण सुधारणे, हा तर येणाऱ्या पिढीसाठी घ्यावयाचा उपाय आहे. तो एकट्या कुटुंबाच्या नव्हे, समाजाच्या हातचा आहे.

आणि नाचणी? संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हापासून तिचा मोठा बोलबाला झाला आहे. तिच्यात पॉलिशच्या तांदळापेक्षा तंतू सुमारे चौपट आहेत, चुनाही विपुल आहे. परंतु ती जादूची मुळी नव्हे. बारीक दळलेल्या पिठाची साखर घातलेली आंबील रक्तातील साखर झपाट्याने चढवू शकते, आणि मोठाले दोन मुद्दे खाऊन दिवसभर बसणाऱ्याचा हिशेब भात खाणाऱ्याहून फारसा निराळा होत नाही. जुन्या शेतकऱ्याला जपले ते एकट्या रागीने नव्हे. रागी, तिच्यासोबतची भाजी-डाळ आणि दिवसभराचे श्रम या तिहींनी मिळून. त्याचे दारिद्र्य आणि दुष्काळ मात्र परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या जीवनातून घ्यावयाचे ते चालणे आणि मोजके ताट.

पेव उघडण्याचीही एक पद्धत होती. झाकण काढल्याबरोबर जाणता गृहस्थ आत उतरत नसे. आतली कोंदलेली हवा जाऊ देई आणि मग धान्याला ओल लागली आहे काय, हे पाही. ओल वेळीच कळली, तर धान्य उन्हात पसरून वाचवता येई. एकदा ते कुजले म्हणजे इलाज नसे. होसकोट्याच्या तालुक्यातील आजच्या तरुण कामगाराने, कारकुनाने अथवा चालकाने तिशी ओलांडताच उपाशीपोटी रक्त तपासून घेणे, ही त्याच जुन्या शहाणपणाची नवी रीत आहे. त्याचा आजा पेवातले धान्य पाही. नातवाने स्वतःच्या देहात पाहावयाचे आहे, इतकेच.